येसूची भीती

नदीकाठच्या एका खेड्यात सटवाजी नावाचा कुंभार राहायचा. त्याची बायको तापाने गेली. लहानग्या येसूने विचारले, "आई कुठंय?" खरे सांगायला त्याची जीभ रेटेना. "मामाच्या गावाला गेलीय. येईल," तो म्हणाला.

आई काही आली नाही. येसू बिथरली. सटवाजी बाजाराला निघाला की ती किंचाळायची, भाजलेली मडकी फोडायची, अडवेल त्याला कडकडून चावायची. शेजारी कुजबुजले, "बाहेरचं लागलंय." गावच्या देवऋषीने फर्मावले, "अवसेला आण. तापल्या सळईचा डाग दिल्याशिवाय ते निघायचं नाही."

सटवाजी हबकला. त्याला पोरीची भीती वाटे, सळईची त्याहून जास्त. अवस जवळ आली. शेवटी लेकीला खांद्यावर टाकून तो पलीकडच्या गावी गिरजाक्का वैदिणीकडे गेला.

गिरजाक्काने ना नाडी पाहिली, ना काढा दिला. येसूपुढे ओल्या मातीचा गोळा ठेवून ती स्वतःच खेळत बसली. येसूने माती भिरकावली. "माणसाला मारायचं नाही. मातीला हवं तेवढं मार," गिरजाक्का एवढेच म्हणाली.

सटवाजी तिला रोज घेऊन येऊ लागला; रोज असेच चालले. मग एके सकाळी येसूने मातीची बैलगाडी केली, तीत माणूस बसवला आणि सगळे मुठीत चिरडले.

"का गं?"

"गेलेलं माणूस येत नाही. आई कुठं आली? बाबा पण येणार नाही."

दाराशी बसलेला सटवाजी कुजबुजला, "अक्का, खरं सांगितलं तर पोर कोलमडेल."

"ती इतके दिवस एकटीच घाबरतेय. आता दोघं मिळून घाबरा."

त्याने लेकीला मांडीवर घेतले. "येसू, आई तापात वारली. ती आता येणार नाही. मी खोटं बोललो. तुझं काही चुकलं नव्हतं."

येसूने हंबरडा फोडला. त्याच्या खांद्याला चावली. त्याने मिठी सोडली नाही.

अवसेला देवऋषीचा निरोप आला. सटवाजीने दार लावून घेतले.

पुढच्या बाजारी येसू रडली, गाडीला बिलगली. "येशील ना?"

"ऊन उतरायच्या आत."

उशीर झाला तर, या धास्तीने अर्धा माल तसाच घेऊन तो परतला. येसू वेशीवर वाटेकडे डोळे लावून उभी होती. त्याला पाहून ती धावली नाही. तिथेच मटकन खाली बसली, आणि कितीतरी महिन्यांनी हसली.

तात्पर्य: मुलाच्या आडदांडपणामागे पुष्कळदा भीती असते. ती माराने जात नाही; आधी तिचे ऐकावे, मग मुलाला खरे सांगून त्याच्याजवळ बसावे.