पाठमोरे मास्तर

"पण मास्तर, या वेळी तरी बघितलंत ना?"

निशिकांत नाकातोंडातलं खारं पाणी पुसत वाळूत उभा होता. सर्फिंगची फळी दोरीने पायाला बांधलेली, तीही मागून फरफटत आली होती.

"बघितलं."

"मग? कसा वाटलो?"

"पडलास."

संपलं! मास्तरांचं बोलणं हे असं. मूळचे वेंगुर्ल्याचे, दीपगृहाच्या नोकरीपायी अंदमानातल्या या लहानशा बेटावर आले आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. लाटेवर उभं राहायला शिकवायचे; पण शाबासकी म्हणाल तर राम कृष्ण हरी!

निशिकांत सांगलीचा. कृष्णेच्या पुरात पुलावरून उड्या टाकलेला गडी, तो समुद्राला काय भिणार? बेटाचे सगळे किनारे त्याने पालथे घातले होते. बाकीचे शिकवणारे तो गुडघ्यावर आला तरी टाळ्या पिटत. त्या टाळ्या त्याला गोड लागल्या नाहीत. मास्तर "जमलं" म्हणतील तेव्हाच जमलं, असं त्याने मनाशी धरलं होतं.

त्याला कारण होतं. घरी थोरला भाऊ त्याला चारचौघांत आरंभशूर म्हणायचा. तबला सुटला, तालीम सुटली, बरी चाललेली नोकरीही सुटली. आता हेही अर्धवट टाकून परत जायची त्याला लाज वाटत होती. आणि उद्या सकाळी बोट होती.

"तुम्ही एकदा म्हणा हो, जमलं म्हणून. मग मी सुखाने घरी जातो."

मास्तरांनी नुसतं समुद्राकडे बोट दाखवलं.

तो पुन्हा पाण्यात गेला. लाट उठली. फळीवर हात रोवून तो झटकन उभा राहिला. राहिला की! आणि लगेच मान वळवून बाजूला वाळूत बसलेल्या मास्तरांकडे पाहिलं, बघतायत ना?

धपकन गेला पाण्यात.

पुन्हा तेच. पुन्हा तेच. त्यानंतर मान वळवली, तर मास्तर समुद्राकडे पाठ करून बसलेले!

निशिकांत तणतणत बाहेर आला.

"माझा शेवटचा दिवस आहे, मास्तर. आणि तुम्ही पाठ फिरवून बसता?"

"ऊन येतंय डोळ्यांवर."

"ऊन? अहो, आभाळ भरून आलंय!"

"असेल."

"मग मी उभा राहू कोणासाठी?"

निशिकांतला रडूच फुटायचं बाकी होतं. बसा म्हणावं तसेच, असं पुटपुटत तो पाण्यात शिरला आणि लांब जाऊन फळीवर नुसता बसून राहिला. लाटा येत होत्या, खालून निघून जात होत्या. हळूहळू राग निवला. पाणी कोमट होतं, वारा पडला होता, आणि त्याला बरं वाटत होतं.

मग एक लाट आली. फार मोठी नव्हती. तो वळला, हात मारले, उठला. पायाखालून पाणी सळसळत होतं आणि समोर माडांची रांग जवळ जवळ येत होती. फळी वाळूला घासली तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की आपण अजून उभेच आहोत.

तो धावत सुटला.

"मास्तर! उभा राहिलो! पार वाळूपर्यंत आलो! बघितलंत?"

"नाही."

निशिकांतचं तोंड एवढंसं झालं.

"अहो, एकदाच जमलं… आणि नेमकं तेच तुम्ही… आता भावाला काय सांगू? साक्षीला कोणी नाही."

मास्तर आता कुठे त्याच्याकडे वळले.

"फळीवर होतास, तेव्हा मी बघतोय का ते पाहिलंस?"

निशिकांत आठवू लागला…

"नाही, मास्तर. लक्षातच नाही आलं."

मास्तर उठले. लुंगीची वाळू झटकली.

"मग मी कशाला बघू?"