दहा काड्या, अकरा काड्या

प्रवाळांच्या एका राज्यात दोन सिंहमासे राहत होते. एक पंखाजीराव, दुसरे झुलाजीराव. दोघांचे पट्टे सारखे, विषारी काटे सारखे, झालरीसारखे पसरलेले परही सारखे. पाठीवरच्या मऊ काड्या तेवढ्या पंखाजीरावांना अकरा होत्या आणि झुलाजीरावांना दहा.

राजाची निवडणूक लागेपर्यंत त्या कुणी मोजल्या नव्हत्या.

मग सभा सुरू झाल्या. "अकरावी काडी ही आपली अस्मिता आहे," पंखाजीराव म्हणाले. "आम्ही दहांत भागवतो, कारण आम्ही तुमच्यातलेच," झुलाजीराव म्हणाले. सभेच्या शेवटी दोघंही पर पसरून म्हणत, "या, जवळ या. आमच्या सावलीत सगळ्यांना जागा आहे." पुढच्या रांगेतले मासे जवळ जात आणि पुन्हा दिसत नसत. दुसऱ्या दिवशी पत्रक निघे : अनेक कार्यकर्त्यांना पक्षात सामावून घेण्यात आलं.

नीला आणि शेवंती या चिमुकल्या मासोळ्या सख्ख्या बहिणी. नीला अकरावाली झाली, शेवंती दहावाली. दोघींनी घरात शेवाळाचा पडदा लावला आणि बोलणं टाकलं.

तेवढ्यात पंखाजीरावांची अकरावी काडी खोटी असल्याचा आरोप झाला. चौकशीला वेणूताई कोळंबीला नेमलं. ती सगळ्यांचे दात साफ करून द्यायची, म्हणून तिला कुणी खात नसे. तिने दोघांच्या काड्या मोजल्या. मग सवयीने दातही साफ केले.

अहवालात तिने लिहिलं, "काड्या अकरा आणि दहाच आहेत. दोघांच्याही दातांत खवले मात्र आपल्यातल्याच माशांचे आहेत."

सचिव खेकड्याने दुसरं वाक्य खोडलं. "ताई, तुम्हाला काड्या मोजायला सांगितलं होतं."

वेणूताई तडक बहिणींकडे गेली. "अगं, दोघंही आपल्यालाच खातात. मी डोळ्यांनी पाहिलंय."

नीलाने शांतपणे ऐकून घेतलं. "पण आमच्या अकरा भरल्या ना?"

"भरल्या."

"मग झालं तर."

"आणि आमच्या दहा?" पडद्याआडून शेवंतीने विचारलं.

मतदान झालं. दोघांना सारखीच मतं पडली. राज्याच्या हितासाठी पंखाजीराव आणि झुलाजीरावांनी मिळून सरकार बनवलं. आता ते दोघं रोज एकत्र जेवतात.

नीला आणि शेवंती अजून एकमेकींशी बोलत नाहीत.