रंगरावाशी दोन राउंड

“मग रंगराव काकडे मोठा, का मी?”

उस्ताद सर्जेराव पिसाळ फाटलेल्या पंचिंग बॅगेला टाके घालत बसले होते. त्यांनी दाभण कातड्यातून आरपार काढलं, सुतळी दातांनी ओढली.

“उस्ताद, मी विचारतोय.”

“ऐकतोय की.”

विचारणारा धैर्यशील निकम. कित्येक वर्षं महाराष्ट्राचा हेवीवेट चॅम्पियन, आणि आजवर एकही लढत न हरलेला. साताऱ्यातल्या ह्याच पत्र्याच्या शेडमध्ये तो बॉक्सिंग शिकला. साताऱ्यात पाहुणा आला की लोक त्याला दोन गोष्टी दाखवत, एक अजिंक्यतारा आणि दुसरा धैर्यशील. धैर्यशीलला विचारलं असतं तर त्याने किल्ल्याचा नंबर दुसरा लावला असता.

“शनिवारी माझा सत्कार आहे,” तो म्हणाला. “मी स्टेजवरच निवृत्ती जाहीर करणार. न हरता थांबलेला चॅम्पियन. तुम्ही माइकवर एवढंच सांगायचं, आजवरच्या सगळ्या हेवीवेटांत धैर्यशील मोठा. बस.”

“आन् रविवारची लढत?”

“त्या साहिल शिकलगारशी? कालचं शेंबडं पोर ते. त्याला हरवून मला काय मिळणार?”

उस्तादांनी सुतळीला गाठ मारली.

“बोला की उस्ताद.”

उस्तादांनी दुसरा टाका घातला.

त्यांच्या शब्दाला एवढी किंमत का, तेही सांगायला हवं. रंगराव काकडे हा जुन्या काळातला चॅम्पियन. त्याच्यानंतर वसईचा पास्कल डाबरे. डाबरेनंतर धैर्यशील. ह्या तिघांत श्रेष्ठ कोण, यावरून चहाच्या टपऱ्यांवर गचांड्या धरल्या जात. पण तिघांचेही ठोसे अंगावर घेतलेला माणूस महाराष्ट्रात एकच होता. रंगरावाला रोज सरावाला कुणीतरी मार खाणारा लागे, तो तरुण सर्जेराव. पुढे शिबिरांत डाबरेसमोरही तोच उभा राहिला. आणि धैर्यशीलला तर त्यांनीच घडवलेलं. बाकीचे जे बोलत ते ऐकीव, उस्तादांचं बोलणं बरगड्यांतून आलेलं.

“लोक काय म्हणतात ठाऊक आहे ना तुम्हाला?” धैर्यशीलचा आवाज चढला. “म्हणतात, याच्या वेळेला समोर होतंच कोण? डाबरेला हरवलं, पण म्हाताऱ्या डाबरेला. रंगराव असता तर ह्याला दोन राउंडांत झोपवला असता. इतकी वर्षं हेच ऐकतोय मी. मेलेल्या माणसाशी लढायचं तरी कसं, सांगा!”

“लढ की.”

“काय?”

उस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. रिंगच्या पलीकडच्या कोपऱ्याकडे त्यांनी बोट केलं.

“त्यो बघ, उभा हाय रंगराव. चढ वर.”

समोर कुणी नसताना, कुणीतरी आहे असं धरून खेळणं बॉक्सरला नवीन नाही. शॅडो म्हणतात त्याला, रोज सकाळचं काम. पण आज समोरचा कसा खेळतोय ते उस्ताद सांगणार होते.

धैर्यशीलला हसू आलं. तरी तो चढला.

टांगलेल्या लोखंडी तुकड्यावर उस्तादांनी हातोडी मारली. टण्ण...

“सरकला तुझ्याकडं. मान खाली हाय. घाई न्हाई त्याला... आता डावा!”

धैर्यशीलने उजव्या तळव्याने हवेतला ठोसा सहज बाजूला सारला आणि पुढच्याची वाट बघत राहिला.

“पडलास,” उस्ताद म्हणाले.

“कसा पडलो? डावा तर अडवला मी!”

“नुसता सारलास. माशी हाकलल्यागत. गडी डावरा हुता. त्याचं समदं वजन डाव्यातच.”

“डावरा होता हे मला कुणी सांगितलं नाही.”

“मलाबी न्हवतं सांगितलं.”

उस्तादांनी आपला चपटा झालेला कान चोळला. धैर्यशील पुन्हा उभा राहिला. आता तो हसत नव्हता.

“आला... डावा पोटात. पुन्हा डावा. त्याच्या डाव्याकडं जाऊ नगंस, मरशील. दुसरीकडनं फिर. हां... फिर...”

आणि धैर्यशील फिरला.

एवढा धिप्पाड गडी, पण पायांचा आवाज नाही. पुढे झुकायचा आणि रंगरावाचा डावा निघायच्या आत तिथून नाहीसा व्हायचा. उस्ताद रंगरावाचा ठोसा सांगत, तोवर तो चुकवूनही झालेला असे. मग त्यांचं सांगणं मागे पडू लागलं. शेवटी ते गप्पच झाले आणि दोरीला धरून नुसते बघत राहिले. धैर्यशीलने डावा खांदा जरासा दाखवला, रंगराव त्याला भुलला, आणि खालून उजवा अपरकट असा आला की पत्र्याची शेडसुद्धा श्वास धरून राहिली.

“वा!” उस्ताद ओरडले. “वा रं माझ्या वाघा!”

“काय झालं?”

“पडला.”

“कोण?”

“रंगराव! ऐन उमेदीतला रंगराव पाडलास तू. खोटं कशाला बोलू? त्याच्या काळात ह्यो ठोसा कुणी बघितलाच न्हवता. त्यो तरी काय करणार बिचारा!”

“म्हणजे ठोशाने मी मोठा?”

“व्हय.”

इतक्या सरळ उत्तराची धैर्यशीलला सवय नव्हती. तो क्षणभर गोंधळला.

“माइकवर सांगाल असं?”

“सांगीन की. मला कुणाची भीती हाय का? पर उतरू नगंस. आजून एक राउंड हाय.”

“आता कोण, डाबरे?”

“डाबरेच. पर आता तू रंगराव.”

“म्हणजे?”

“छत्तिशीचा रंगराव. डावा गुडघा सुजलाय. आजवर एकबी लढत हरलेला न्हाई. समोर वसईचं पोरगं हाय, नुकतं मिसरूड फुटल्यालं. पास्कल डाबरे त्याचं नाव. त्याला अजून कुणी वळखत न्हाई.”

धैर्यशीलचा हात नकळत उजव्या खांद्याकडे गेला. त्याची स्वतःची पस्तिशी उलटली होती. उजवा खांदा वर्षभर ठणकत होता. हे त्याने घरीही सांगितलं नव्हतं. उस्तादांनीही कधी विचारलं नव्हतं. पण रोज पट्ट्या बांधणाऱ्या माणसापासून खांदा किती लपणार?

टण्ण...

“डावा. डावा. उजवा. पोटात... मागं सर. सर म्हटलं! तुझा गुडघा न्हाई वळत तसा. बरोबर... तोंडावर बसला. खाली.”

धैर्यशील एका गुडघ्यावर टेकला.

“उठ.”

तो उठला.

“पोरगं लई पळतंय. तुझा डावा जातोय तवर ते तिथं नसतंय. आला... बरगडीत. आला पुन्हा... खाली.”

तो टेकला.

“उठ.”

उस्ताद थांबत नव्हते. धैर्यशीलच्या हनुवटीवरून घाम गळत होता. हवेतले ठोसे ते, पण प्रत्येक ठोशाला त्याची मान खरोखर मागे जात होती. त्याला तो पोरगा आता दिसत होता. कसा पळतोय, कसा न थकता पुन्हा येतोय, सगळं दिसत होतं. पुन्हा एकदा तो खाली गेला. उस्तादांनी ‘उठ’ म्हणायच्या आत दोरीला धरून उठला.

टण्ण...

“हरलास,” उस्ताद म्हणाले.

धैर्यशील दोरीवर हात टाकून धापा टाकत होता.

“रंगराव... उठला होता प्रत्येक वेळी?”

“परत्येक वेळी.”

“आणि मग?”

“मग काय? रिवाज हाय की आपला. लढत झाली का समोरच्याच्या कॉर्नरला जायाचं, त्याच्या उस्तादाच्या पाया पडायचं. गेला डाबरेच्या कॉर्नरला. पाया पडला. मी टॉवेल तोंडात कोंबून रडत हुतो, आन् ह्यो गडी पोराच्या पाठीवर थाप मारून हासतोय!”

“गुडघा सुजलाय हे कळत होतं ना त्याला? न हरता थांबता आलं असतं की.”

“समद्यांनी सांगितलं थांब म्हणून. मीबी पाय धरलं त्याचं.”

“मग उतरला कशाला?”

उस्ताद रिंगकडे बघत राहिले...

“म्हणला, सर्ज्या, ते पोरगं किती मोठं हाय, ते त्याला कळाय नगं व्हय? माझ्याबिगर कोण सांगणार त्याला?”

धैर्यशीलने हातावरची पट्टी सोडायला घेतली. दोन वेढे सोडले आणि तशीच ठेवली.

“उस्ताद... माझी नि डाबरेंची लढत झाली, तेव्हा ते आले होते आपल्या कॉर्नरला?”

“आलं हुतं.”

“मला आठवत नाही.”

“तुला कसं आठवंल? तू लोकांच्या खांद्यावर हुतास. गुलाल उडत हुता.”

“त्यांना बरं नव्हतं म्हणे तेव्हा. लोक म्हणतात म्हणून विचारतो.”

“पाठीत उसण हुती. वाकताना बघितलं मी.”

“वाकले?”

“माझ्या पाया पडलं की. रिवाज त्यो रिवाज. म्हणलं, उस्ताद, पोरगा झकास तयार केलात. आता मी खुशाल घरी जातो.”

धैर्यशीलने तोंड फिरवलं. रडणं त्याला शोभत नाही असं त्याचं मत होतं, म्हणून तो घाम पुसू लागला. उस्तादांनी आपला टॉवेल पुढे केला. मग स्वतःच रिंगमध्ये चढले आणि लहान पोराचं पुसावं तसं त्याचं तोंड, मान, कानांमागचं पुसून काढलं.

“खरं सांगतो धैर्या. रंगरावाचा मार खाल्ला, डाबरेचा खाल्ला. पर तुझ्यावाणी हेवीवेट मी बघितला न्हाई. हाडं म्हातारी झाली, तरी तू खेळाय लागलास का मला शिट्टी वाजवावीशी वाटती.”

“मग भीती का वाटते मला?”

उस्तादांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

“त्या साहिलला मी बघितलंय, उस्ताद. लपून बघायला गेलो होतो सांगलीला. शेंबडं पोर म्हणालो, ते खोटं होतं. लई चांगलं आहे ते. माझ्या खांद्याचं त्याला कळलं ना, तर दुसऱ्या राउंडात संपवील मला.”

“कळंल त्याला. हुशार हाय.”

“म्हणजे मी हरेन?”

“हरशीलबी.”

धैर्यशील बघतच राहिला. शिष्याला धीर द्यायची ही कुठली तऱ्हा, असं त्याला वाटलं असावं. पण उस्तादांच्या तोंडावर चेष्टा नव्हती. त्यांनी त्याच्या हातावरची अर्धवट सुटलेली पट्टी घेतली आणि ती पुन्हा घट्ट गुंडाळत आणली, अंगठ्याभोवतीचा शेवटचा वेढा मारला.

“मग माइकवर काय सांगणार तुम्ही?” त्याने हळूच विचारलं. “सांगा तरी. तिघांत मोठा कोण?”

उस्तादांनी मधली दोरी हाताने वर उचलली, खालची पायाने दाबली, आणि त्याला उतरायला वाट करून दिली.

“दोघांचं मला ठाव हाय. तिसऱ्याचं रविवारी सांगतो.”