फाटकाबाहेरचा वर्ग

“तर मग नाव कापू ना, फादर?”

वर्गाला फळ्यावर गणितं घालून सिस्टर युलालिया हजेरीपट घेऊन व्हरांड्यात आल्या होत्या. वसईच्या त्या वाडीतली शाळा त्यांच्या हाती येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. शिस्त म्हणजे शिस्त, असं त्या मान ताठ करून सांगत.

फादर बोनिफास चष्मा शोधू लागले. तो नेहमीसारखा कपाळावरच होता. शिकवणाऱ्या सिस्टरांचा हा संघ ज्यांनी उभा केला, त्यांतले ते एक. आता पाय थकले होते.

“कोणाचं नाव?”

“जेसिंताचं. आईबरोबर मोगरा तोडून येते, रोज घंटेनंतर. तीन आठवडे मी तिला आत घेतलेलं नाही. घंटेनंतर फाटक बंद, हा नियम तुम्हीच लिहिलात.”

“लिहिला खरा... पण सिस्टर राहतात त्या कॉन्व्हेंटच्या फाटकासाठी. शाळेला तेव्हा फाटकच नव्हतं.”

सिस्टर गोऱ्यामोऱ्या झाल्या.

“नियम तो नियमच ना, फादर?”

“मग ती पोर घरी जाते?”

“जातच असेल.”



फादर उठले. काठी टेकत अंगण ओलांडलं, सिस्टरांकडून फाटक उघडून घेतलं आणि बाहेर पडले.

“आता लाव कुलूप.”

“फादर! तुम्ही बाहेर...”

“घंटा झाली आहे, सिस्टर.”

सिस्टरांनी कुलूप लावलं.

बाहेर जास्वंदीच्या आड, मांडीवर पाटी घेऊन जेसिंता बसली होती. फादरांना पाहून तिनं फुलांची टोपली बाजूला सरकवली.

“तुम्हांला पण उशीर झाला, फादर?”

“झाला गं.”

“रडू नका हां. इकडे बसा. तिथं खांब मध्ये येतो, इथून फळा दिसतो.”

सिस्टरांनी गजांतून वाकून पाहिलं. पाटीवर आजचीच गणितं होती. तीन सोडवून झाली होती, तिन्ही बरोबर.

त्यांना भरून आलं. चावी कुलपात जाईना. कसंबसं फाटक उघडलं आणि त्या तिथंच मधोमध उभ्या राहिल्या.

फादरांनी मान वाकडी करून त्यांच्या झग्याआडून आत डोकावून पाहिलं.

“सिस्टर, जरा बाजूला हो. आम्हांला फळा दिसत नाहीये.”