सर्वांची गुंडी

“…पण तिची वीट माझ्या विटेहून सरस कशी, गुरुजी?”

सकाळपासून प्रभंजनाचा हाच एक प्रश्न चालला होता.

चितारीगुरुजी संगणकाच्या पडद्याकडे पाहत राहिले.

त्यांच्या घराण्याने सावंतवाडीत पिढ्यान् पिढ्या लाकडी खेळणी रंगवली. त्याच कार्यशाळेत आता त्यांचे शिष्य संगणकावर खेळण्यातील विटा घडवीत, माथ्यावरच्या गोल गुंड्यांनी एकमेकींत अडकणाऱ्या. एक वीट म्हणजे एक फाइल. फाइलमध्ये साध्या ओळी: येथून तेथवर एक रेघ, या तीन बिंदूंमध्ये एक त्रिकोण. तयार झालेला प्रत्येक भाग भांडारात जाई, आणि ज्याला हवा त्याने तो आपल्या रचनेत बसवावा, अशी तेथील रीत होती. रचनेत त्या भागाचे केवळ नाव लिहिले जाई; भाग भांडारातूनच येई.

यंदा सर्व शिष्यांनी मिळून एक जलदुर्ग रचला होता. त्याच्या बुरुजांसाठी गुरुजी एकच वीट निवडणार होते आणि ती घडवणाऱ्याचे नाव दुर्गाखाली लागणार होते. प्रभंजन सर्वांत ज्येष्ठ. ते नाव आपलेच, असे तो धरून चालला होता.

गुरुजींनी वैजयंतीची वीट निवडली. गेल्या वर्षी आलेल्या मुलीची!

प्रभंजनाने आपल्या विटेची फाइल उघडली.

“तिच्या विटेत आहे काय? एक पेटी आणि माथ्यावर गुंड्या. माझ्या विटेची कड पाहा, किंचित गोलावली आहे. गुंडीगुंडीवर साच्याचे ओरखडे आहेत. कोपऱ्यात बोटाचा पुसट ठसासुद्धा काढला आहे मी.”

“दादा,” शेजारच्या संगणकावरून वैजयंती म्हणाली, “तुमचा बुरूज होडीतून पाहायचा, की भिंगातून?”

“तुला कोणी विचारले?”

ती हसली आणि पुन्हा कामाला लागली. तिचे ते हसणेही त्याला बोचले.

गुरुजींनी एक बुरूज वैजयंतीच्या विटांनी रचला. तो लगेच उभा राहिला. दुसरा त्यांनी प्रभंजनाच्या विटांनी रचायला घेतला.

पडदा गोठला.

चहा आला… निवला…

“यंत्र जुने झाले आहे,” प्रभंजन म्हणाला.

“मीही,” गुरुजी म्हणाले.

अखेर बुरूज उभा राहिला. गुरुजींनी पडद्यावरचे चित्र मागे नेले. सबंध दुर्ग दिसू लागला, तसे ते सारे ओरखडे एकमेकांत मिसळले आणि बुरुजाच्या जागी एक काळपट डाग उरला.

“जवळून पाहा ना, गुरुजी! तुम्ही तिच्या सोयीने पाहता.”

गुरुजींनी भांडार उघडले, त्यातील एक छोटी फाइल उचलली आणि बाजूला ठेवली.

दुर्गाच्या तटावरील गुंड्या नाहीशा झाल्या. दरवाजावरील गेल्या. वैजयंतीचा बुरूज तर पार टकला झाला.

केवळ प्रभंजनाच्या बुरुजावर गुंड्या शाबूत होत्या.

त्याला आनंद लपवता आला नाही.

“पाहिलेत? हिने गुंडीदेखील स्वतः घडवलेली नाही! उसनी आणली. माझी प्रत्येक गुंडी माझी आहे.”

“उसनीच आहे,” वैजयंती म्हणाली. “तिच्याहून चांगली मला साधली नाही. इतक्या थोड्या रेघांत इतकी गोल… मी पुष्कळ प्रयत्न केले, दादा.”

“कोणाची आहे ती?” गुरुजींनी विचारले.

“असेल कोणा नवशिक्याची,” प्रभंजन म्हणाला.

गुरुजींनी ती फाइल उघडून त्याच्यापुढे सरकवली.

मोजक्या ओळी होत्या. दुसऱ्या ओळीपाशीच त्याचे डोळे थांबले. ती मांडणी त्याच्या ओळखीची होती. येथे आला त्या वर्षी ही गुंडी त्यानेच घडवली होती. गुरुजी तेव्हा एवढेच म्हणाले होते, “ठेव भांडारात.” शाबासकी नाही, काही नाही. त्या रागाने तो पुन्हा कधी साधे काही घडवण्याच्या वाटेला गेला नव्हता.

वैजयंती त्याच्याकडे पाहत होती. तिला ठाऊक नव्हते.

“परत ठेवू का जागेवर?” गुरुजींनी विचारले.

प्रभंजनाने त्या ओळी शेवटपर्यंत वाचल्या.

“ठेवा,” तो म्हणाला. मग त्याला राहवेना. “पण नाव तिचेच लागणार ना?”

“तिचेच.”

“मग मला हेवा वाटणारच, गुरुजी.”

गुरुजींनी फाइल जागेवर ठेवली. सबंध दुर्गावर गुंड्या उमटल्या.

“खुशाल कर हेवा,” ते म्हणाले. “गुंड्या तेवढ्या वगळून कर.”