ताईच्या शेंगेतले दोन दाणे

एक होती चिंच. चिंचेला होती फांदी. फांदीवर राहायची खारीची दोन पिल्लं. मोठी ताई आणि धाकटा चिलू.

ताई भुईमुगाची शेंग फोडायची. कुट! आत दाणे दोन. ताई म्हणायची, "एक दाणा तुझा, एक दाणा माझा."

मग ताई गेली. खूप दूर गेली. आता ती परत येणार नाही.

मागे राहिली तिची एक शेंग. चिलूने ती दातात धरली. दात खुपला. शेंग फुटेना.

शेजारची मैना म्हणाली, "दवाखान्यात जा रे. नाहीतरी सहा महिन्यांनी दात दाखवायचेच असतात."

चिलूने शेंग मुठीत घेतली. निघाला. तुरु तुरु तुरु.

बगळेबाई दातांच्या डॉक्टर. पांढरा कोट, लांब चोच.

"बगळेबाई बगळेबाई, दात बघा. दात खुपतो, ताईची शेंग फुटेना."

बगळेबाई म्हणाल्या, "चोच घालून चाचपडू का? आरसा दाखवेल, तर मी बघीन."

चिलू गेला आरशाकडे. तुरु तुरु तुरु.

"आरशा आरशा, दात दाखव. बगळेबाई बघेनात, दात खुपतो, ताईची शेंग फुटेना."

चिमुकला आरसा म्हणाला, "अंधारात मला माझंच नाक दिसत नाही. दिवा लागेल, तर मी दाखवीन."

चिलू गेला दिव्याकडे. तुरु तुरु तुरु.

"दिव्या दिव्या, लाग. आरसा दाखवेना, बगळेबाई बघेनात, दात खुपतो, ताईची शेंग फुटेना."

उंच दिवा म्हणाला, "इतकं खाली कोण वाकणार? माझी मान दुखते. खुर्ची वर येईल, तर मी लागेन."

चिलू गेला खुर्चीकडे. तुरु तुरु तुरु.

"खुर्ची खुर्ची, वर ये. दिवा लागेना, आरसा दाखवेना, बगळेबाई बघेनात, दात खुपतो, ताईची शेंग फुटेना."

खुर्ची म्हणाली, "बस ना, ऐसपैस बस. पण मिटल्या तोंडाला मी उचलत नाही. तोंड उघडेल, तर मी वर येईन."

चिलू खुर्चीत बसला.

"तोंडा तोंडा, उघड. खुर्ची वर येईना, दिवा लागेना, आरसा दाखवेना, बगळेबाई बघेनात, दात खुपतो, ताईची शेंग फुटेना."

तोंड म्हणालं, "मंऽ मंऽ. मला भीती वाटते. मागच्या वेळी ताईने हात धरला होता. ताई हात धरेल, तर मी उघडेन."

चिलूने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"ताई ताई, हात धर. तोंड उघडेना, खुर्ची वर येईना, दिवा लागेना, आरसा दाखवेना, बगळेबाई बघेनात, दात खुपतो, ताईची शेंग फुटेना."



चिलूने मूठ आवळली. मुठीत वाजलं, खुळ्ळ.

ताईची शेंग होती ती. ताईच्या हातची. चिलूने ती घट्ट धरली. आणखी घट्ट.

मग तोंड उघडलं, आऽऽ. खुर्ची वर आली, कुंई कुंई. दिवा लागला, लख्ख. आरशाने दाखवला हा दात, तो दात, मागचा दात. बगळेबाईंनी बघितलं.

"हात्तिच्या, जांभळाचं साल अडकलंय." चिमट्याने काढलं, टप. "कर गुळणी." खुळखुळ खुळखुळ, थू.

"दात छान आहेत रे. सकाळी घास, झोपताना घास. सहा महिन्यांनी ये."

चिलू फांदीवर आला. शेंग दातात धरली. कुट! आत दाणे दोन.

"एक दाणा माझा." खाल्ला. गोड होता.

"एक दाणा ताईचा." तो हातात धरून ठेवला. ठेवला, ठेवला, ठेवला. ऊन गेलं. ताई आली नाही.

मग चिलू खाली उतरला. खड्डा केला. दाणा ठेवला. वर माती लोटली.

"इथे आहे हं, ताई."

सहा महिने झाले. चिलू दवाखान्यात आला. तुरु तुरु तुरु.

बगळेबाई म्हणाल्या, "एकटाच आलास?"

चिलूने मूठ उघडून दाखवली. मुठीत शेंग होती. नवी शेंग. ताईच्या दाण्याला आलेली.

मूठ मिटली. खुळ्ळ.

तोंड उघडलं. आऽऽ.