निंबघोलचा फुटका घोडेस्वार

निंबघोलच्या वेशीबाहेर एक वीरगळ उभी आहे. पुरुषभर उंचीची काळी शिळा. वर चंद्रसूर्य, मध्ये स्वर्गाला निघालेला वीर, तळाला लढाई. लढाईत एक जण ढाल घेऊन गाईंपुढे उभा, आणि समोर घोडेस्वार. घोडेस्वार म्हणायचं ते अंदाजानेच. लोकांनी दगड मारमारून त्याचं काय, त्याच्या घोड्याचंही तोंड शिल्लक ठेवलेलं नाही. पाहुणे विचारतात, एवढा राग कुणावर? त्याची हकिकत जुनी माणसं अशी सांगतात.

सुलतानी अमलात रायाजी दळपते नावाच्या परक्या शिलेदाराने इथली गढी घेतली. पाटलाच्या घरची माणसं म्हणे त्याने पायऱ्यांवरच कापली आणि रक्त वाळायच्या आत पाटीलकीची पगडी डोक्याला बांधली. पण तलवारीने गढी मिळते, आजोबा मिळत नाही. दरबाराला वतन जुनं लागे. गोतसभेत, साऱ्या गावासमोर, घराण्याचं मूळ पटवावं लागे. आता नवा माल जुना म्हणून खपवायचा तर दुकान ओळखीचं हवं. गावाचं ते दुकान म्हणजे सटवा गोंधळी. दर दसऱ्याला वीरगळीपुढे जुन्या वीराचं गाणं तोच गाई.

रायाजीने त्याला शिळेपाशी बोलावलं. "गोंधळी, यंदा आमचं नाव घाल गाण्यात. हा दगडातला वीर दळपत्यांचा मूळपुरुष."

सटव्याने शिळेकडे बोट केलं. "सरकार, दगडात माणसं दोन आहेत. आपला कोणता?"

"घोड्यावरचा, आणखी कोणता? पायी ढोरं वळणारा माझा आजा असेल होय रे?"

शिपाई खो खो हसले. सटवा हसला नाही. वीर होता तो पायीचाच, हिरोबा गवळी. घोड्यावरचा तर गाई लुटायला आलेला दरोडेखोर.

"नीट बघून सांगा, सरकार."

"तू नीट गा. नाहीतर जीभ ठेवणार नाही."

घरी तान्ही, त्याची बायको, काकुळतीला आली. "अहो, खरं काय ते त्याला सांगून टाका. तो पायीवाल्याला आजा म्हणेल, तुम्ही गाल, जीव तरी वाचेल."

"मग हिरोबा त्याचा होईल, तान्हे. पाटलाला कापणाऱ्याचा. उद्याची पोरं तेच खरं धरतील."

दसऱ्याच्या दुपारी सारं गाव जमलं. दरबारचा अंमलदार गादीवर बसला. रायाजीने बेलभंडारा उचलून शपथ घेतली, की घोडेस्वार तोच आपला मूळपुरुष. गावात चुळबुळ झाली, पण शिपायांच्या तलवारी उपसलेल्या होत्या. संबळ वाजू लागलं. रायाजीने सांगितलं तसंच सटव्याने गाणं उचललं: घोड्यावर बसून आला तो दळपत्यांचा मूळपुरुष. रायाजी खुलला. त्याने हातातलं कडं काढून गोंधळ्यापुढे टाकलं.

सटवा थांबला नाही. दर वर्षीचं गाणं त्याने पुढे चालवलं. आला तो गाई लुटायला आला. हिरोबाच्या पाठीत त्याने भाला घातला. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका त्याने घागरींसकट आत लोटल्या. म्हणून गावाने आण घातली, की त्याच्या वंशाला या शिवारात...

रायाजीने त्याचा जबडा धरला आणि जीभ मुळापासून कापली. रक्त संबळावर सांडलं. अंमलदारही उठून उभा राहिला.

तेवढ्यात चिमा कुंभारीण, कमरेत वाकलेली म्हातारी, तुटलेली ओळ पुरी करत ओरडली, "पाणी नाही!"

मग सारं गाव ओरडलं. पहिला धोंडा कुणाचा ते कुणी सांगत नाही. शिपायांनी पाच-पंचवीस माणसं कापली, तरी धोंडे थांबेनात. शेवटी शिपाईच पळाले. रायाजी वीरगळीच्या पायाशी फुटून पडला. तासभर तो पाणी मागत होता, म्हणतात. विहीर हाकेवर होती. कुणी हललं नाही. अंमलदाराने घोडं मागवलं आणि वतनाचा विषय न काढता वाट धरली.

सटवा जगला. पुढे तो नुसतं संबळ वाजवी.

आजही दसऱ्याचा गोंधळी त्या ओळीपाशी गाणं तोडतो आणि गाव एका आवाजात म्हणतं, "पाणी नाही!" त्यानंतर त्या फुटक्या घोडेस्वारावर धोंडे पडतात. एरवी गाव मोठं गोड, चहा घेतल्याशिवाय पाहुण्याला सोडायचं नाही. पण पारावर बसून कुणी आपल्या घराण्याच्या मोठेपणाची फारच टिमकी वाजवू लागला, की कोपऱ्यातलं एखादं म्हातारं तंबाखू मळता मळता विचारतं, "असेल बाबा, असेल. पण तुझा आजा पायी होता का घोड्यावर?"